पेस्ट इव्हेंट हाताळताना : मोबाइल नंबरपासून ‘दऱ्या’पर्यंत

एका पतसंस्थेच्या सभासद-नोंदणीचा फॉर्म आम्ही केला होता. मोबाइल नंबर दहा आकडी, म्हणून त्या चौकटीला कमाल लांबी दहा दिली आणि निर्धास्त झालो. आठवड्याभरात काउंटरवरच्या बाईंचा फोन आला, ‘नंबर बरोबर आहे हो, तुमचा फॉर्मच अर्धा गिळतो.’

खरंच गिळत होता. लोक नंबर टाइप करत नव्हते, फोनच्या संपर्कयादीतून कॉपी करत होते. तिथून तो अधिक चिन्ह, ९१, मोकळी जागा, पाच आकडे, पुन्हा मोकळी जागा आणि उरलेले पाच आकडे अशा थाटात येतो. एकूण पंधरा वर्णचिन्हं. ब्राउझरने पहिली दहा ठेवली आणि बाकीची टाकून दिली. चौकटीत उरले देशाचा कोड आणि निम्मा नंबर. आधारचंही तेच. चार-चार-चार आकडे आणि मधल्या दोन मोकळ्या जागा धरून चौदा होतात. लांबी बारा ठेवली असेल तर शेवटचे दोन आकडे गायब, आणि तेही गुपचूप.

पेस्टचं काम शिकायला हाच नमुना पुरेसा आहे. नव्याने वेब पानं लिहायला लागलेल्यांसाठी हा लेख आहे. एचटीएमएल आणि जावास्क्रिप्टची तोंडओळख आहे, इव्हेंट लिसनर कसा लावतात हे माहीत आहे, एवढं गृहीत धरतो. कोडमधली नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. एडिटरमध्ये ती रोमन लिपीत आणि सलग लिहायची. जोडनाव असेल तर बहुधा पहिल्यानंतरच्या प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर मोठं.

पायरी १ : आधी नुसतं बघा

काही बदलायच्या आधी काय येतंय ते डोळ्यांनी पाहा. एक कोरं पान करा, त्यात एक टेक्स्टएरिया टाका आणि तिच्यावर ‘पेस्ट’ नावाच्या इव्हेंटचा लिसनर लावा. हँडलरला जो इव्हेंट मिळतो त्याच्यावर ‘क्लिपबोर्डडेटा’ नावाची वस्तू असते. तिच्यातली ‘टाइप्स’ ही यादी कन्सोलवर छापा. मग यादीतल्या एकेका प्रकाराचं नाव ‘गेटडेटा’ला देऊन हाती येईल ते छापा.

आता नोटपॅडमधून एक ओळ आणून पेस्ट करा. यादीत एकच नाव दिसेल, टेक्स्ट/प्लेन. तीच ओळ वर्डमधून आणा. आता टेक्स्ट/एचटीएमएलही आलेलं असेल, आणि ते उघडून पाहिलंत तर चार शब्दांच्या वाक्याभोवती पानभर शैलीचा पसारा दिसेल. एक्सेलमधून दोन-तीन खाने आणा. साध्या मजकुरात दोन खान्यांच्या मधे टॅब आणि दोन ओळींच्या मधे नवी ओळ असते. शेवटी स्क्रीनशॉट काढून तो पेस्ट करा. मजकूर नाहीच, यादीत फक्त ‘फाइल्स’.

म्हणजे क्लिपबोर्डवर एक गोष्ट नसते. एकाच गोष्टीची अनेक रूपं असतात आणि कोणतं घ्यायचं ते पेस्ट करून घेणारा ठरवतो. नोटपॅड साधा मजकूर उचलतं, वर्ड सजवलेला. तुमच्या पानाने काय उचलायचं ते तुम्ही ठरवायचं.

कंट्रोल आणि व्ही ही बटणं कीडाउनमध्ये पकडायचा मोह नव्या माणसाला हमखास होतो. तो टाळा. मॅकवर कमांडचं बटण असतं, कुणी उजवं क्लिक करून मेनूतून पेस्ट करतं, जुनी मंडळी शिफ्ट-इन्सर्ट दाबतात, मोबाइलवर बोट दाबून धरतात. पेस्ट इव्हेंट या सगळ्या वाटांवर येतो.

पायरी २ : ताबा घ्या, पण जबाबदारीसकट

मोबाइल नंबरच्या चौकटीसाठी क्रम असा:

१. क्लिपबोर्डडेटामधून टेक्स्ट/प्लेन काढून एका व्हेरिएबलमध्ये ठेवा. कमाल लांबीची कात्री अजून चाललेली नसते, त्यामुळे इथे पंधराच्या पंधरा वर्णचिन्हं मिळतात.
२. तो मजकूर रिकामा असेल तर काही न करता परत फिरा. ब्राउझरला त्याचं काम करू द्या.
३. मजकूर स्वच्छ करा. कसा, ते पुढच्या पायरीत.
४. ‘प्रिव्हेंटडिफॉल्ट’ बोलवा, म्हणजे ब्राउझर स्वतःहून काही घालणार नाही.
५. स्वच्छ मजकूर स्वतः घाला.

अडचण पाचव्या ओळीत आहे. ब्राउझर पेस्ट करतो तेव्हा तो निवडलेला मजकूर बदलतो, कर्सर शेवटी नेतो, ‘इनपुट’ इव्हेंट उडवतो आणि कंट्रोल-झेडसाठी नोंदही ठेवतो. तुम्ही त्याला थांबवलंत की ही सगळी कामं तुमच्या गळ्यात. बरेच जण चौकटीच्या व्हॅल्यूला सरळ नवा मजकूर देऊन मोकळे होतात. मग आधीचं लिहिलेलं पुसलं जातं आणि माणूस ‘अरे, माझं गेलं कुठे’ म्हणत बसतो.

त्यातल्या त्यात दोन रस्ते बरे. ‘सेटरेंजटेक्स्ट’ला नवा मजकूर, निवडीची सुरुवात, निवडीचा शेवट आणि ‘एंड’ हा शब्द दिला की निवडलेला भाग बदलतो आणि कर्सर त्यापुढे जातो. पण इनपुट इव्हेंट आपोआप येत नाही, तो हाताने पाठवायचा. शिवाय कंट्रोल-झेडची साखळी तुटू शकते. दुसरा रस्ता ‘एक्झेककमांड’मधल्या ‘इन्सर्टटेक्स्ट’चा. प्रमाणपुस्तकात यावर कालबाह्य असा शिक्का आहे, तरी प्रमुख ब्राउझरांत तो चालतो, अन्‌डू शाबूत ठेवतो आणि इनपुट इव्हेंटही पाठवतो. मी आजही आधी हा वापरतो आणि तो ‘फॉल्स’ परतवेल तर सेटरेंजटेक्स्टकडे वळतो. शुद्ध मंडळी नाक मुरडतील. मुरडू देत, वापरणाऱ्याचा कंट्रोल-झेड मला जास्त मोलाचा वाटतो. रिॲक्टसारखी लायब्ररी असेल आणि चौकटीची व्हॅल्यू तिच्या ताब्यात असेल, तर मात्र बदल तिच्याच स्टेटमधून करा.

पायरी ३ : आकडे

नंबरच्या चौकटीत फक्त आकडे हवेत, तेव्हा बाकी सगळं उडवायचं. मोकळ्या जागा, आडव्या रेघा, कंस, आणि संपर्कयादीतून कधीकधी सोबत येणाऱ्या लेखनदिशेच्या अदृश्य खुणासुद्धा. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये आकड्यासाठी उलटी तिरपी रेघ (बॅकस्लॅश) आणि डी लिहितात हे तुम्हाला माहीत असेल. पण जावास्क्रिप्टमध्ये त्याचा अर्थ फक्त इंग्रजी शून्य ते नऊ असा आहे. कुणी मराठी कीबोर्डवरून ९८ असं लिहिलेलं कॉपी केलं तर ते आकडे ‘आकडे नाहीत’ म्हणून उडतात. ‘नंबर’ फंक्शनला देवनागरी ९ दिलात तर उत्तर येतं ‘नॅन’, म्हणजे हा आकडाच नव्हे.

उपाय सोपा आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक वर्णाला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी शून्याचा क्रमांक दशमान पद्धतीत २४०६ आहे आणि नऊचा २४१५. सलग दहा. वर्णाचा क्रमांक या पट्ट्यात असेल तर त्यातून २४०६ वजा करा, हातात इंग्रजी आकडा येतो. हे रूपांतर आधी, बाकीची झाडलोट नंतर. क्रम उलटा झाला तर रूपांतर करायला काही उरतच नाही.

उरलेले आकडे बारा असतील आणि सुरुवात ९१ ने असेल तर ते दोन काढा. अकरा असतील आणि पुढे शून्य असेल तर शून्य काढा. यानंतर बरोबर दहा भरले तर चौकटीतलं सगळं बदलून तो नंबर ठेवा. कमी भरले तर कर्सरच्या जागी घाला, कदाचित माणूस अर्धाच नंबर जोडत असेल. जास्त भरले तर?

इथे आम्ही एकदा शहाणपणा केला होता, ‘शेवटचे दहा घ्या’. एका सभासदाने नवरा-बायकोचे दोन नंबर तिरप्या रेघेने जोडलेले पेस्ट केले आणि खात्यावर बायकोचा नंबर चढला. तक्रार यायला तीन महिने लागले. तेव्हापासून नियम असा की दहापेक्षा जास्त आकडे आले तर अंदाज बांधायचा नाही. चौकटीला हात लावायचा नाही आणि खाली सांगायचं, ‘यात एकापेक्षा जास्त नंबर दिसतात, एकच ठेवा.’

ही चौकट ‘नंबर’ प्रकाराची करू नका. तो प्रकार मोजायच्या संख्यांसाठी आहे. मोबाइल नंबर, पिनकोड, आधार या ओळखखुणा, त्यांची कुणी बेरीज करत नाही. साधा टेक्स्ट प्रकार ठेवा आणि ‘इनपुटमोड’ला ‘न्यूमेरिक’ द्या, म्हणजे मोबाइलवर आकड्यांचा कीबोर्ड येतो.

पायरी ४ : मराठी मजकूर, आणि झाडू आवरता घ्या

आकड्यांत झाडू कितीही जोरात मारला तरी चालतो. मजकुरात नाही.

इंटरनेटवर ‘अदृश्य वर्ण काढून टाका’ असे तयार तुकडे ढिगाने मिळतात. शून्य रुंदीच्या सगळ्या वर्णांची यादी करून ते उडवतात. मीही एक उचलून एका मराठी नियतकालिकाच्या संपादन-पानाला लावला होता. दोन दिवसांनी संपादकांनी विचारलं, ‘सह्याद्रीत दर्या कधी शिरला?’ लेखकाने ‘दऱ्या’ लिहिलं होतं, छापून आलं ‘दर्या’. त्याच अंकात ‘आचाऱ्याला शिधा दिला’चं ‘आचार्याला शिधा दिला’ झालं होतं, स्वयंपाक्याचे गुरुजी झाले.

कारण असं. मराठीतला हा आडवा, पापणीसारखा अर्धा र टाइप करायच्या दोन रीती आहेत. एकीत ऱ हे वेगळं अक्षर घेऊन त्याचा पाय मोडतात. दुसरीत साधा र, पाय मोडण्याची खूण आणि तिच्यामागे शून्य रुंदीचा जोडक, क्रमांक ८२०५. डोळ्याला दोन्ही एकच दिसतात. दुसऱ्या रीतीतला जोडक काढला की उरतो र, पाय मोडलेला, पुढे य. त्याचा रफार होणारच. शुद्धलेखन तपासणाऱ्यालाही संशय येत नाही, कारण ‘दर्या’ हा धडधाकट शब्द आहे.

तेव्हा मजकुराच्या चौकटीत ८२०५ आणि त्याचा भाऊ ८२०४, म्हणजे शून्य रुंदीचा विलगक, यांना हात लावू नका. बिनधास्त काढता येतील असे वर्ण थोडेच: ८२०३ ही शून्य रुंदीची जागा आणि ६५२७९ हा फाइलच्या तोंडाशी असणारा ठसा. १६० क्रमांकाची न तुटणारी मोकळी जागा वर्डमधून आणि वेब पानांतून हटकून येते, तिच्या जागी साधी मोकळी जागा ठेवा. जावास्क्रिप्टचा ‘ट्रिम’ १६० कापतो, पण ८२०३ ला ओळखत नाही. ‘रिकामं आहे का’ ही तपासणी अशाच चौकटीत फसते. दिसायला रिकामी, लांबी एक.

यानंतर ‘नॉर्मलाइझ’ला ‘एनएफसी’ देऊन एकदा चालवा. र आणि खालचा नुक्ता असे सुटे आलेले असतील तर त्यांचा ऱ होतो. जोडकवाल्या रीतीला मात्र हे लागू होत नाही. तुमच्या साइटवर शोध असेल तर ‘दऱ्या’ एका रीतीने साठवलेलं आणि दुसऱ्या रीतीने शोधलेलं जुळणार नाही. त्यासाठी र, पाय मोडण्याची खूण आणि ८२०५ अशी तिकडी व्यंजनापूर्वी दिसली की तिच्या जागी ऱ आणि पाय मोडण्याची खूण ठेवायची. मी हे शोधाच्या प्रतीत करतो, लेखकाचा मूळ मजकूर आहे तसा राहू देतो.

लांबीबद्दलही जाता जाता. ‘श्री’ आपल्याला एक अक्षर, मशीनला चार: श, पाय मोडण्याची खूण, र आणि दीर्घ वेलांटी. ‘स्लाइस’ने मजकूर कापलात तर अक्षराचा पाय मोडून सोडून द्याल. कापूच नका. मर्यादा ओलांडली असं सांगा आणि मजकूर पूर्ण ठेवा.

डीटीपीवाल्यांकडून आलेला मजकूर हा वेगळा रोग आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटांत टाइप केलेलं पेस्ट केलं की मराठीऐवजी रोमन अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हांची खिचडी येते. मराठी मजकुराच्या चौकटीत मोठा परिच्छेद आला आणि २३०४ ते २४३१ या देवनागरीच्या पट्ट्यातला एकही वर्ण त्यात नसेल, तर एक सौम्य सूचना दाखवा: ‘मजकूर युनिकोडमध्ये नसावा, रूपांतर करून आणा.’ आपोआप रूपांतर करायला जाऊ नका, प्रत्येक फाँटची मांडणी वेगळी असते.

पायरी ५ : सजवलेला मजकूर आणि चित्रं

ठळक, तिरपं, दुवे असं काही ठेवायची गरज नसेल तर इथे वेळ घालवू नका. टेक्स्टएरिया वापरा. संपादता येणारा डिव्हच हवा असेल तर ‘कंटेंटएडिटेबल’ला ‘प्लेनटेक्स्ट-ओन्ली’ ही किंमत द्या. क्रोम आणि सफारीत ती बरीच वर्षं आहे, २०२५ पासून फायरफॉक्समध्येही आली.

सजावट ठेवायचीच असेल तर टेक्स्ट/एचटीएमएल काढा, पण ते कधीही थेट ‘इनरएचटीएमएल’मध्ये ओतू नका. कुठल्याही परक्या पानावरून उचललेल्या मजकुरात चित्राच्या टॅगला ‘ऑनएरर’ चिकटलेलं असू शकतं आणि ते तुमच्या पानावर, तुमच्या सभासदाच्या लॉगिनसकट चालतं. डीओएमप्युरिफाय ही लायब्ररी याच कामासाठी आहे. तिला परवानगीचे टॅग मोजून द्या: परिच्छेद, ठळक, तिरपं, यादी, दुवा. नको असलेल्यांची यादी करत बसू नका, ती कधी पुरी होत नाही.

गूगल डॉक्समधून कॉपी केलेला सगळा मजकूर एका ‘बी’, म्हणजे ठळक अक्षराच्या, टॅगमध्ये गुंडाळलेला असतो आणि त्यावर शैलीत लिहिलेलं असतं की वजन साधंच ठेवा. आपण सफाईत शैली काढतो, ‘बी’ ठेवतो आणि अख्खा लेख ठळक होतो. सफाईच्या आधी, ज्या ‘बी’ची आयडी ‘डॉक्स-इंटर्नल-ग्विड’ने (जी-यू-आय-डी) सुरू होते तो सोलून आतला मजकूर बाहेर घ्या.

चित्रांसाठी क्लिपबोर्डडेटामधल्या ‘आयटम्स’ फिरून बघा. ज्याचा ‘काइंड’ फाइल आहे आणि प्रकार ‘इमेज’ने सुरू होतो, त्याच्यावर ‘गेटॲजफाइल’ चालवा. पण मजकूर आहे का ते आधी तपासा. एक्सेल आपल्या खान्यांसोबत त्यांचं चित्रही क्लिपबोर्डवर ठेवतं. फाइल आधी तपासणाऱ्या पानावर हिशेबाचा तक्ता पेस्ट केला की आकड्यांऐवजी त्यांचा फोटो चढतो.

या पायरीवर नव्या माणसाचा एक अख्खा दिवस जातो तो ‘अवेट’मुळे, म्हणजे उत्तर येईपर्यंत फंक्शन थांबवून ठेवणाऱ्या शब्दामुळे. क्लिपबोर्डडेटा ही इव्हेंट चालू असेपर्यंतच भरलेली थैली आहे. हँडलर संपला, किंवा मधे एका अवेटवर थांबला, की थैली रिकामी. सर्व्हरला विचारून मग फाइल काढू म्हणाल तर काहीच हाती लागत नाही, आणि एररही येत नाही. आधी सगळं काढून आपल्या व्हेरिएबलमध्ये ठेवा, प्रिव्हेंटडिफॉल्टही तेव्हाच बोलवा, अवेट त्यानंतर.

पेस्टचं बटण द्यायचं असेल तर

‘इथे पेस्ट करा’ असं बटण हवं असेल तर पेस्ट इव्हेंटचा उपयोग नाही. तिथे ‘नॅव्हिगेटर’मधल्या ‘क्लिपबोर्ड’चं ‘रीडटेक्स्ट’ लागतं. ते फक्त एचटीटीपीएसवर किंवा आपल्या मशीनवरच्या लोकलहोस्टवर चालतं. क्रोम परवानगी विचारतो, सफारी आणि फायरफॉक्स बोटाखाली छोटंसं पेस्टचं बटण दाखवतात. माणसाने नकार दिला तर एरर येते, ती पकडा आणि गुमान चौकटीवर फोकस द्या.

पेस्ट इव्हेंटला मात्र कुठलीच परवानगी लागत नाही, कारण माणसाने स्वतःच हाताने आणून दिलेलं असतं.

आणि पेस्ट येतच नाही तेव्हा

अँड्रॉइडवर कीबोर्डच्या वरच्या पट्टीत नुकताच कॉपी केलेला मजकूर दिसतो. त्यावर बोट टेकवलं की तो चौकटीत येतो, पण पेस्ट इव्हेंट बरेचदा येत नाही, कारण ब्राउझरच्या लेखी ते टाइप करणंच असतं. माउसने ओढून आणून टाकलेला मजकूर ‘ड्रॉप’ म्हणून येतो. म्हणून सफाईचं फंक्शन वेगळं लिहा आणि ते तीन ठिकाणांहून बोलवा: पेस्टमधून, चौकट सोडताना ‘ब्लर’मधून, आणि सर्व्हरवर पुन्हा एकदा. कमाल लांबीचा ॲट्रिब्यूट काढून टाका, नाहीतर या आडवाटांनी आलेला नंबर पुन्हा निम्मा कापला जाईल. आम्ही तो काढला आणि लांबी सफाईनंतरच तपासायला लागलो.

पेस्ट बंद करू नका

प्रिव्हेंटडिफॉल्ट हाती आलं की काही जण ते एकटंच वापरतात. खाते क्रमांक पुन्हा लिहा, पासवर्ड पुन्हा लिहा, आणि पेस्ट केलं की काहीच होत नाही. एका बँकेच्या साइटवर मी सोळा आकडी खाते क्रमांक तीनदा हाताने लिहिला, तीनदा चुकलो. अमेरिकेच्या निस्ट संस्थेच्या २०१७ च्या ओळख-मार्गदर्शिकेत पासवर्ड पेस्ट करू द्यावा असं स्पष्ट लिहिलं आहे, कारण त्यामुळे लोकांना पासवर्ड-मॅनेजर वापरणं सोपं जातं आणि ते मजबूत पासवर्ड निवडण्याची शक्यता वाढते. पासवर्डच्या चौकटीत तर सफाईही करू नका, तिथली मोकळी जागा कुणाच्या पासवर्डचा भाग असू शकते.

ओटीपीच्या सहा सुट्या चौकटी असतील तर पहिल्या चौकटीत पेस्ट झालेले सहाही आकडे पुढच्या चौकटींत वाटून द्या. त्याहून बरं म्हणजे एकच चौकट ठेवा आणि ‘ऑटोकम्प्लीट’ला ‘वन-टाइम-कोड’ द्या. एसएमएस आला की कीबोर्डच आकडे पुढे करतो, आणि पेस्टचा प्रश्नच बहुतेक वेळा उरत नाही.